कडुनिंबावरचे भुंगे

वैशाख सरत आला, की आपल्याकडे शेते मोकळी असतात. नांगरट झालेली असते. ढेकळे उन्हात तापत पडलेली असतात. माणसे म्हणतात, "आता रानात काय आहे? काही नाही." आम्हीही तसेच म्हणत होतो.

पण रानात पुष्कळ काही असते. ते लहान असते, एवढेच.

या पाठात आपण उन्हाळ्यातले किडे पाहणार आहोत. नुसते पाहणार नाही, मोबाईलवर त्यांचे फोटो काढणार आहोत. तुम्ही म्हणाल, "लग्नाचे फोटो काढतात, बाळाचे काढतात. किड्याचा फोटो काढून काय करायचे?" आमच्या रात्रवर्गातही पहिल्या दिवशी असेच हसू झाले. मग एक गोष्ट निघाली आणि हसू थांबले. ती गोष्ट आधी सांगतो.

आमचा वर्ग अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, प्रवरेच्या काठी भरतो. वर्गात एक तात्या येतात. साठी उलटली आहे. सही करायला शिकले, आता बसची पाटी वाचतात. दोन वर्षांमागे त्यांनी भुईमूग केला होता. श्रावणात पीक बघावे असे होते. भादव्यात मात्र मधे मधे रोपे पिवळी पडू लागली. आज इथे चार, उद्या तिथे दहा. तात्यांना वाटले, पाणी कमी पडले. त्यांनी पाणी दिले. रोपे सुधारली नाहीत. मग कोणी म्हणाले, मुळे कुजत असतील. दुकानातून औषध आणले, पैसे गेले. तरी तेच.

एक दिवस तात्यांनी वैतागून एक रोप उपटले. ते धरले आणि हातात आले, जोर लावावाच लागला नाही. खाली मूळ नव्हतेच. खुरप्याने माती उकरली, तर पांढरी, जाड, अर्ध्या चंद्रासारखी वाकलेली अळी. डोके तांबूस. ही अळी आपण सगळे ओळखतो. ती हुमणी.

आता हुमणी आली कुठून? तात्यांनी त्या साली शेजारच्या घरून शेणखत विकत घेतले होते. "खतातून आली," असे त्यांनी ठरवले. तसे ते बोलूनही दाखवले. शेजाऱ्यांना राग आला. "आमच्या खताला नाव ठेवता?" बोलाचाली झाली. दोन घरांमधले ताक-विरजण बंद झाले. पाणी भरायला गेलेल्या बायाही एकमेकींकडे बघेनात.

पुढे वर्गात कृषी खात्याचे एक साहेब आले होते. तात्यांनी त्यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. साहेबांनी विचारले, "मे महिन्यात तुमच्या घराजवळ भुंगे दिसले होते का?" तात्या म्हणाले, "भुंगे काय, उन्हाळ्यात असतातच की दिव्यावर. कोण ध्यान देतो?"

तात्यांची नात मागे बसली होती. ती म्हणाली, "आबा, आत्याच्या हळदीचा फोटो आहे माझ्याकडे. त्यात हायेत भुंगे."

तिने मोबाईल काढला. हळदीची रात्र. मांडवात बाया बसलेल्या. वर नळीचा दिवा. आणि दिव्याखालच्या पांढऱ्या कापडावर काळपट ठिपके. साहेबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. ठिपक्यांना पाय दिसू लागले. तपकिरी रंग दिसला. साहेब म्हणाले, "हे हुमणीचे भुंगेरे आहेत. खतातूनही कधी कधी अळी येते, नाही असे नाही. पण तुमच्या मांडवामागे ते झाड कसले?"

"कडुनिंब."

"मग आधी त्या झाडाला विचारा."

फोटोवर तारीख होती. मे महिन्याची २४. आदल्या दिवशी वळीव पडला होता. हळदीला चिखल झाला होता, म्हणून सगळ्यांना ते पक्के आठवत होते. म्हणजे काय झाले बघा. तात्यांच्या घरात पुरावा होता. मोबाईलमध्ये होता. वर्षभर तो कोणी पाहिलाच नव्हता.

आता हा भुंगा आणि ती अळी यांचे नाते काय, ते समजून घेऊ. सुरवंटाचे फुलपाखरू होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तसेच हुमणीचेही आहे. अळी मुळे खाऊन मोठी होते. मग जमिनीत खोल जाऊन कोष करते. कोषातून भुंगा तयार होतो. पण तो लगेच वर येत नाही. कोरड्या, टणक जमिनीत तो गप्प बसून राहतो. तो वाट कशाची बघतो? पावसाची. वळवाची किंवा मृगाची चांगली सर आली, जमीन भिजली, की त्याच संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला हे भुंगे मातीतून बाहेर पडतात. जवळच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जातात. रात्रभर पाला खातात. तिथेच नर-मादी एकत्र येतात. पहाट व्हायच्या आत परत मातीत जातात. दिवसा तुम्ही झाडाखाली खाट टाकून झोपलात, तरी तुम्हाला एकही भुंगा दिसायचा नाही. पानांना पडलेली छिद्रे तेवढी दिसतील.

मादी मातीत अंडी घालते. त्यांतून अळ्या निघतात. सुरुवातीला त्या बारीक असतात, तेव्हा कुजलेला पाला आणि कोवळी मुळे खातात. मोठ्या झाल्या, की भुईमूग, ऊस, जे मिळेल त्याचे मूळ खातात. आपल्याला कळते ते श्रावण-भादव्यात. तोवर उशीर झालेला असतो. जमिनीतल्या अळीला शोधत बसणे फार कठीण. झाडावर आलेला भुंगा धरणे सोपे. म्हणून वळवानंतरच्या त्या काही रात्री महत्त्वाच्या. त्या रात्री कोणत्या, हे कॅलेंडर सांगत नाही. ते आपल्याला डोळ्यांनीच पाहावे लागते.

त्या दिवसापासून आमच्या वर्गाने ठरवले. उन्हाळ्यात दिसेल तो किडा नीट पाहायचा, फोटो काढायचा आणि वहीत लिहून ठेवायचा.

आधी सोप्यापासून सुरुवात

पहिला प्रश्न, किडा कशाला म्हणायचे? पाय मोजा. सहा पाय असले, तर तो कीटक. शरीराचे तीन भाग दिसतात: डोके, मधला भाग आणि पोट. पाय आणि पंख मधल्या भागाला जोडलेले असतात. कोळ्याला आठ पाय असतात. विंचवालाही आठ. म्हणून ते कीटक नव्हेत. मृगाच्या सुमाराला लाल मखमलीसारखा जो मऊ जीव मातीवर दिसतो, ज्याला आपण मृगाचा किडा म्हणतो, त्याचे पाय मोजून पाहा. आठ भरतात. नाव किडा आहे, पण नाते कोळ्याशी आहे. वर्गातल्या एका आजींना हे पटेना. "आमच्या जन्मापासून त्याला किडाच म्हणतात," असे त्या म्हणाल्या. मग त्यांना फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी दोनदा पाय मोजले. मग म्हणाल्या, "आठ हायेत खरे. पण म्या किडाच म्हणणार." आम्ही म्हटले, म्हणा.

फोटोचा हाच फायदा. जिवंत किडा पाय मोजू देत नाही. फोटोतला किडा पळत नाही.

जगात कीटकांच्या सुमारे १० लाख जातींना शास्त्रज्ञांनी नावे दिली आहेत. अजून पुष्कळांना नाव मिळायचे आहे. तेव्हा सगळे ओळखता आले नाहीत, म्हणून मन खट्टू करू नका. आम्हाला अजून पन्नासही येत नाहीत.

शिकताना असा किडा घ्यावा, जो पळणार नाही. सगळ्यांत चांगली म्हणजे सिकाड्याची कात. उन्हाळ्यात भर दुपारी झाडावरून कान किटवणारा आवाज येतो. एक किडा थांबला, की दुसरा सुरू होतो. हा रातकिडा नव्हे. रातकिडा पंखावर पंख घासून आवाज काढतो आणि बहुतेक रात्री काढतो. सिकाड्याचे तसे नाही. त्याच्या पोटाच्या दोन बाजूंना ताणलेले पातळ पडदे असतात. पत्र्याच्या डब्याचे झाकण बोटाने दाबले, की टक् असा आवाज येतो ना? तसा तो हा पडदा आत ओढतो, सोडतो, आत ओढतो, सोडतो. एका क्षणात कितीतरी वेळा. पोट आतून पोकळ असते, म्हणून आवाज घुमतो. हे काम फक्त नराचे. मादी गप्प असते. (यावर वर्गातले बाप्ये काय बोलले आणि बायांनी काय उत्तर दिले, ते इथे लिहीत नाही.)

सिकाड्याचे पिल्लू जमिनीत राहते आणि मुळांचा रस पिऊन वाढते. काही जातींत हे कित्येक वर्षे चालते. अमेरिकेत एक सिकाडा बरोबर १७ वर्षांनी जमिनीबाहेर येतो. बाहेर आलेले पिल्लू झाडाच्या खोडावर चढते, त्याची पाठ उकलते आणि पंखांचा सिकाडा बाहेर पडतो. रिकामी कात खोडाला तशीच घट्ट धरून बसलेली असते. पाय, डोळे, सगळे आकार जागच्या जागी. तिचा फोटो काढा. ती हलणार नाही, चावणार नाही, उडणार नाही.

दुसरी जागा आपल्या घराचीच. ओसरीच्या कडेला, गोठ्याच्या वळचणीला, जिथे पावसाचे पाणी येत नाही, तिथल्या भुसभुशीत मातीत छोटे छोटे खड्डे असतात. नरसाळ्यासारखे. लहानपणी आपण सर्वांनी त्यांत काडी घालून पाहिली आहे. त्या खड्ड्याच्या तळाशी मातीत लपून एक अळी बसलेली असते. तिला मोठे दोन आकडे असतात. मुंगी कडेवरून घसरली, की अळी तिच्यावर माती उडवते, मुंगी खाली येते आणि आकड्यांत सापडते. म्हणून पुस्तकात हिला मुंगीसिंह म्हटले आहे. ही अळी उलटी, मागे मागे चालते. मोठी झाली, की तिला चार लांब पंख येतात आणि ती चतुरासारखी दिसू लागते. खड्ड्याचा फोटो दुपारी काढू नका. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरके असते, खड्ड्यात सावली पडते आणि त्याची खोली फोटोत दिसते. दुपारी काढलात तर नुसती माती दिसेल.

मोबाईल कसा धरावा

आमचे पहिले पन्नासेक फोटो वाया गेले. निम्म्यांत नुसता हिरवा धूर. काहींत आमचेच बोट. का ते हळूहळू कळले.

मोबाईलच्या मागचे भिंग पुसा. पदराने नको, पदराला पीठ आणि तेल लागलेले असते. धुतलेल्या मऊ कापडाने पुसा. फार जवळ जाऊ नका. अगदी जवळ गेले, की मोबाईलला नीट दिसत नाही, जसे पुस्तक नाकाला लावले तर अक्षर दिसत नाही. एक वीत लांब राहा. किडा लहान दिसला तरी चालेल, फोटो नंतर मोठा करता येतो. पडद्यावर जिथे किडा दिसतो, तिथे बोट टेकवा. मोबाईल तेवढ्याच जागेकडे नीट पाहू लागतो. मग कोपर गुडघ्यावर टेका, श्वास धरा आणि फोटो काढा. हात हलला, की संपले.

आपली सावली किड्यावर पडू देऊ नका. सावली पडली, की तो समजतो कोणीतरी खायला आले. सरळ अंगावर न जाता बाजूने, हळू जा. भल्या पहाटे गेलात तर उत्तम. रात्रीच्या गारव्याने किडे सुस्त असतात. ऊन तापल्यावर तेच किडे जागेवर ठरत नाहीत. विहिरीच्या काठावरचे चतुर पाहायचे असतील तर सकाळीच पाहा, आणि काठावर वाकू नका. फोटोच्या नादात माणसाचे पाय कुठे आहेत, याचे त्याला भान राहत नाही.

एका किड्याचे तीन फोटो हवेत. एक वरून. एक बाजूने. एक थोडा लांबून, म्हणजे तो कोणत्या झाडावर होता ते कळेल. जमले तर शेजारी एक आगकाडी ठेवा. तिच्यावरून किडा केवढा ते समजते. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, की तो थोडा पुसट होतो आणि काढल्याची तारीखही त्यासोबत जाईल असे नाही. म्हणून तारीख, गाव आणि झाडाचे किंवा पिकाचे नाव खाली लिहून पाठवा. लिहिता येते ना आता आपल्याला? मग लिहा. एका मावशींनी पहिल्यांदा 'हुमणी'चे 'हमुणी' लिहिले होते. साहेबांना ते बरोबर समजले.

आग्या मोहोळाचा फोटो काढायला जवळ जाऊ नका. खडकावर, उंच झाडावर, पाण्याच्या टाकीखाली ते असते. मोठ्या काळसर माश्या, उघडे पोळे. त्या उठल्या तर माणसाचा जीव जातो. धूर, दगड, दिव्याचा झोत, काहीही नको. हा एक फोटो आमच्या वहीत नाही आणि आम्हाला तो नको आहे. दगड उलटतानाही काठीने उलटा, हाताने नको. खाली विंचू असतो, साप असतो.

आमची चूक

मागच्या वर्षी वळीव पडला आणि आमच्या वस्तीने भुंगेरे गोळा करायचे ठरवले. रात्री आठ-नऊच्या सुमाराला झाडाखाली जुनी लुगडी अंथरली. आकडीच्या काठीने फांद्या हलवल्या. भुंगे पटापट खाली पडले. बादलीत पाणी आणि त्यात थोडे डिझेल. पूर्वी यासाठी रॉकेल वापरत, आता ते सहज मिळत नाही. भुंगे त्यात टाकले, की मरतात. ते पाणी नंतर ओढ्यात ओतले नाही, शेतापासून दूर खड्डा करून पुरले.

काही पोरांना उत्साह फार. त्यांनी गोठ्याजवळ एक दिवा लावला, खाली घमेले ठेवले आणि जे पडेल ते बादलीत टाकू लागले. पाऊण बादली भरली. पोरे खूश. इतक्यात त्याच आजी, मृगाच्या किड्याच्या, काठी टेकत आल्या. बादलीत उजेड धरून म्हणाल्या, "अरे, ही तर शेणातली. ही कशापायी मारली?"

आम्ही फोटो काढून पाहिले. आजी बरोबर होत्या. हुमणीचा भुंगेरा तपकिरी असतो आणि आगकाडीच्या निम्म्याएवढा लांब. बादलीतले निम्मे किडे काळे, चकचकीत होते. डोके फावड्यासारखे पसरट, पुढच्या पायांना करवतीसारखे दाते. हे शेणकिडे. शेणाचे गोळे करून ते जमिनीत गाडतात, त्यांत अंडी घालतात. शेण जमिनीत जाते, जमीन भुसभुशीत होते, शेणावरच्या माश्या कमी होतात. फुकटचा गडी. आफ्रिकेत असल्याच एका शेणकिड्याचा अभ्यास झाला. आकाशगंगेच्या उजेडावरून दिशा धरून तो रात्री आपला गोळा सरळ ढकलत नेतो, असे २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. अशा जिवाला आम्ही बादलीभर मारले होते. त्या रात्री कोणी फारसे बोलले नाही.

तेव्हापासून नियम असा: दिव्यावर पडलेला किडा सरसकट मारायचा नाही. आधी आगकाडीशेजारी ठेवून फोटो. ओळखला, मग पुढचे.

आणखी एक ओळख सांगून ठेवतो, कारण ती मक्यासाठी लागते. २०१८ साली कर्नाटकात एक नवी अळी सापडली. ती मूळची अमेरिकेतली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली. तिला अमेरिकन लष्करी अळी म्हणतात. ती मक्याच्या पोंग्यात शिरून कोवळी पाने खाते. पोंग्यात भुश्यासारखी विष्ठा दिसली, की पाने उघडून पाहा. अळीच्या कपाळावर पांढुरक्या रेघांची खूण असते, उलटी धरलेली बेचकी जशी. आणि शेपटाकडच्या शेवटून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके, चौकोनात, खाटेच्या चार पायांसारखे. मोठ्या अळीवर हे नीट दिसते. बाकीच्या अळ्यांवर ही खूण अशी नसते. नुसत्या डोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाला ते ठिपके दिसत नाहीत. फोटो मोठा केला, की दिसतात. दुकानदाराला "मक्यात अळी आहे" एवढेच सांगू नका, फोटो दाखवा. तोच फोटो सहायक कृषी अधिकाऱ्यांना किंवा कृषी विज्ञान केंद्रालाही पाठवा. दुकानदाराला विकायचे असते, हे लक्षात ठेवा.

काजवे

प्रवरेच्या वरच्या अंगाला, भंडारदरा, पुरुषवाडी या भागात, मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत काजवे चमकतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारोंनी. सगळे झाड एकदम उजळते, एकदम विझते. आमच्या वर्गातले काही लोक तिकडचेच, डोंगरातले. त्यांना त्याचे नवल नाही. आम्हाला होते, म्हणून एका रात्री आम्ही सगळे गेलो.

काजव्याच्या पोटाच्या टोकाला उजेड तयार होतो. शरीरातल्या द्रव्याशी हवेतला प्राणवायू मिळाला, की तो उजेड पडतो. त्याला उष्णता जवळजवळ नसते. दिवा तापतो, काजवा तापत नाही. नर चमकून मादीला हाक देतो, मादी चमकून उत्तर देते. ही त्यांची बोली. मोठा झालेला काजवा थोडेच दिवस जगतो. त्या थोड्या दिवसांत जोडीदार मिळाला पाहिजे. त्याची अळी आधी ओल्या मातीत, पालापाचोळ्यात राहते आणि गोगलगायी खाते.

आमच्यातल्या एकाने फोटो काढला. मोबाईलचा झगझगीत दिवा लागला. पुढचे झाड विझले. नुसते विझले नाही, बराच वेळ पेटलेच नाही. फोटोत काय आले? पांढरी पडलेली पाने. काजवा एकही नाही. मागे उभे असलेले तिथले एक बाबा म्हणाले, "तुमी त्यांच्या बोलण्यात वरडलात." आम्हाला फार लाज वाटली.

आता तिथे हजारो माणसे येतात. मोटारींचे दिवे, मोठा आवाज, झाडाखालची तुडवातुडव. अळ्या तिथेच मातीत असतात आणि काही जातींच्या माद्यांना नीट उडता येत नाही. गावातल्या लोकांना पाहुण्यांमुळे दोन पैसे मिळतात, तेही खरे. आमचे मत विचाराल तर माणसे यावीत, पण मोटारी गावाबाहेर ठेवाव्यात आणि चालत जावे. गावानेच तसा नियम करावा. काजवे गेले, तर पाहुणेही येणार नाहीत.

काजव्यांचा फोटो काढायचाच असेल, तर झगझगीत दिवा बंद ठेवा. मोबाईल दगडावर टेकवून ठेवा आणि रात्रीचा फोटो काढण्याची सोय असेल ती लावा. मोबाईल काही क्षण उघड्या डोळ्याने पाहत राहतो आणि ठिपके येतात. वर्तमानपत्रात झाडभर पिवळे ठिपके असलेले फोटो येतात. ते बहुधा एका फोटोचे काम नसते. एकाच जागी काढलेले कितीतरी फोटो एकावर एक ठेवून ते केलेले असतात. तेव्हा आपला फोटो तसा आला नाही, म्हणून मोबाईलला दोष देऊ नका.

वही

आमची वही वर्गाच्या खुंटीला टांगलेली असते. ज्याला जे दिसेल ते तो लिहितो. काही ओळी अशा आहेत: "चैत्र. आंब्यावर सिकाड्याची कात. दोन." "विहिरीवर लाल चतुर." "मांडवाच्या बांबूत काळा भुंगा भोक करतो. चावला नाही." "पहिला पाऊस. दिव्यावर पंख फुटलेली वाळवी, सकाळी ओसरीवर नुसते पंख." शेवटची ओळ एका सुनेने लिहिली आहे. तिला ते पंख झाडावे लागले होते.

तुम्ही विचाराल, भुंगेरे गोळा करून हुमणी गेली का? मागच्या वर्षी तात्यांच्या भुईमुगात ती कमी दिसली. पण एका वर्षावरून आम्ही काही सांगणार नाही. भुंगे उडतात. आमच्या वस्तीने धरले आणि पलीकडच्या वस्तीने धरले नाहीत, तर ते इकडे येतात. म्हणून यंदा आम्ही पलीकडे जाऊन फोटो दाखवून आलो. त्यातली काही माणसे हसली. दोघे-तिघे म्हणाले, आम्हालाही बोलवा.

तात्यांच्या शेजाऱ्यांना हळदीचा तो फोटो नातीने स्वतः नेऊन दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, पण बोलले काही नाहीत. यंदा वळीव उशिरा आला. तो आला त्या संध्याकाळी तात्या कडुनिंबाखाली लुगडे अंथरत होते, तेव्हा शेजारचा मुलगा आकडीची काठी घेऊन आला. म्हणाला, "आमची काठी लांब आहे." वहीत त्या रात्रीची ओळ तात्यांनी स्वतः लिहिली आहे. तारीख, झाडाचे नाव, आणि पुढे: "भुंगेरे आले. फोटो काढला. पुसट आला."